युनियाची वेलांटी

७ जून

ताई,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखलंस तर तू हे न फोडताच टाकशील, म्हणून पत्ता छापून चिकटवला आहे. आता फोडलंच आहेस तर वाच. सहा वर्षांत मी तुला लिहिलं नाही, तू मला लिहिलं नाहीस, आणि त्यावाचून दोघांचंही काही अडलं नाही, असं मी घरात सांगत असतो. ही ऐकून घेते आणि त्या दिवशी भांडी जरा जास्त जोरात आपटते.

निमित्त कोशाचं आहे. आपल्या दोघांत दुसरं काय उरलंय? पहिली आवृत्ती संपली. बायबल आणि मंडळीच्या इतिहासातल्या व्यक्ती आणि संज्ञांचा नऊशे पानी कोश कधी संपेल असं मला वाटलं नव्हतं, पण पाळकांच्या शाळांनी तो संपवला. समितीला दुसरी आवृत्ती काढायची आहे. 'न'पर्यंत बाबांचं काम, 'प'पासून पुढे सगळं तुझं. तुझ्या सहीवाचून तुझ्या नोंदींना हात लावता येत नाही, आणि सहीसाठी तू घातलेली अट काल समितीत वाचून दाखवली. मी तिथे होतो. मुद्रितशोधकाला अशा बैठकीत खरं तर काम नसतं. कागद वाटायला आणि पाण्याचे पेले भरायला बसवतात.

समितीतल्या दोघा नव्या सभासदांना युनिया कोण हेच ठाऊक नव्हतं. म्हणून तुझ्या हस्तलिखितातली नोंद आणि छापलेली नोंद, दोन्ही मोठ्याने वाचल्या. तुझी अशी: 'युनिया. पहिल्या शतकातली प्रेषित. रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या शेवटी पौल तिला सलाम पाठवतो. ती आपल्याबरोबर तुरुंगात होती, आपल्याआधी ख्रिस्ती झाली होती, प्रेषितांमध्ये नावाजलेली होती, असं तो सांगतो.' आणि छापलेली: 'पहिल्या शतकातला प्रेषित. त्याला सलाम. तो तुरुंगात होता.' अशी अकरा ठिकाणं. वाचून झाल्यावर नव्यांपैकी एकाने विचारलं, 'यात फरक काय आहे?' चिटणीस म्हणाले, 'वेलांटीचा.' सगळे हसले. मीही हसलो, म्हणजे तोंड तसं केलं. पेले भरणाऱ्याने वेगळं तोंड करून कसं चालेल?

मग तुझं पत्र वाचलं. अध्यक्षांनी प्रस्तावनेत स्वतःच्या नावाने कबूल करावं की हा खोटा बदल त्यांनी केला, तरच सही. तू असंही लिहिलं आहेस की, 'माझा भाऊ ठिपके पाहतो, माणसं बदलत नाही.' हे वाक्य वाचताना चिटणिसांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाणी ओतत होतो, ते थोडं सांडलं.

तुळतुळीत अध्यक्षांच्या खुर्चीत बसून ऐकत होता. आपण ठेवलेलं नाव त्याला आता आणखीच शोभतं. टक्कल, गाल, बोलणं, सगळं एकाच कापडाने पुसल्यासारखं. बाबांचा विद्यार्थी म्हणून आपल्या घरी यायचा तेव्हाही तो अंगठा जिभेवर ओला करून बाबांची कार्डं उलटायचा, आठवतं? अजून तसंच करतो. तुझं पत्रसुद्धा तसंच उलटलं. शेवटी म्हणाला, 'प्रेमाने विचार करू.' या माणसाने आजवर ज्याची ज्याची मान कापली, ती प्रेमानेच.

ताई, अट जरा सैल कर. माणूस चौऱ्याहत्तरचा झाला, छाती भरलेली असते. 'छापखान्याची चूक' एवढं लिहून घे आणि सोडून दे. चुका होतातच. तू विचारशील म्हणून आधीच सांगतो, त्या प्रूफाचं मला काही आठवत नाही. तेव्हाही आठवत नव्हतं.

धाकटा

२४ जून

ताई,

तुझं कार्ड मिळालं. 'तुला अजून आठवत नाही?' सहा वर्षांनी बहीण भावाला लिहिते आणि चार शब्द लिहिते. पोस्टकार्डाची बाकीची जागा कोरी सोडलीस ती कशासाठी, मी उत्तर तिथेच लिहून परत पाठवावं म्हणून?

वर्षाला पाच हजार पानं माझ्या डोळ्यांखालून जातात. भजनांची पुस्तकं, पंचांगासारख्या पाठांच्या याद्या, मयताचे संदेश. त्यातल्या एका नोंदीचं एक प्रूफ मी लक्षात ठेवायचं? वकिलासारखे प्रश्न विचारू नकोस.

सध्या तुझा 'फ' वाचतो आहे. सही आली नाही तरी चुका आधी काढून ठेवा असा हुकूम आहे. फॉर्मोसस या पोपची नोंद तू किती गार डोक्याने लिहिली आहेस! मेल्यावर नऊ महिन्यांनी त्याला थडग्यातून उपसला, झगा चढवला, खुर्चीत बसवला आणि त्याच्यावर खटला चालवला. नवा पोप ओरडून आरोप करणार आणि मढ्याच्या वतीने एक तरुण धर्मसेवक उत्तरं देणार. मग आशीर्वादाची तीन बोटं छाटली आणि प्रेत नदीत टाकलं. मला रात्रीचं जेवण गेलं नाही. सगळ्यांत जास्त किळस मला त्या धर्मसेवकाची आली. तो वास नाकात घेऊन, खुर्चीशेजारी उभा राहून तो म्हणत असेल, 'होय, मी गुन्हा केला.' मेलेल्याच्या तोंडात स्वतःचे शब्द घालायचे आणि वर पगार घ्यायचा.

आपल्या समितीत हेच चालतं. कुणाला काही बदलायचं असलं की म्हणायचं, 'सरांनी असंच लिहिलं असतं.' बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली, तरी अजून प्रत्येक बैठकीत त्यांना खुर्चीत बसवतात. पानाच्या तळटिपा खाली ठेवाव्यात की शेवटी, यालासुद्धा बाबाच साक्षीला.

तू म्हणशील, तू तरी काय केलंस? बरोबर आहे. तू छापलेली नोंद माझ्या टेबलावर आपटून विचारलंस की प्रूफ तुझ्या हातून गेलं तेव्हा 'होती' होतं की 'होता', तेव्हा मी म्हणालो की आठवत नाही, आणि बाबांनीसुद्धा 'होता' असंच लिहिलं असतं. तू पिशवी उचललीस. त्याच आठवड्यात समितीला कळवलंस की या पुस्तकावर माझं नाव नको, आणि गेलीस. चौदा वर्षांच्या कामावरून नाव काढून घेतलंस. मुखपृष्ठावर बाबा एकटेच राहिले.

बाबा तसं लिहिणार नव्हते, हे मला माहीत होतं. मारिया मग्दालियाच्या कार्डावर कोणी जुन्या सवयीने 'वेश्या' लिहून ठेवलं होतं. शुभवर्तमानात असं कुठे आहे दाखव, असं विचारून त्यांनी ते कार्ड त्याच्यासमोर फाडलं होतं. ते विचारणारे बाबा आणि तुला गप्प करायला मी वापरलेले बाबा, ही दोन वेगळी माणसं होती. एवढं मी कबूल करतो. पुढचं मला आठवत नाही.

पावसाळी चपला घेतल्यास का? तुझे पाय फुटतात.

धाकटा

१० जुलै

ताई,

आज तुला चांगली बातमी द्यायची होती. तुझी अट मान्य झाली. तुळतुळीत माफी मागतो आहे, लेखी, प्रस्तावनेत, स्वतःच्या नावाने.

काल दुपारी त्याने खोलीत बोलावलं. ती खोली तू पूर्वी पाहिली आहेस. तशीच आहे, फक्त आता तिला औषधाचा वास मारतो. बाबांच्या कार्डांचा एक खण टेबलावर उपडा केलेला, कार्डांवर कपाचे गोल डाग, आणि बिस्किटाचा ओला चुरा. तो खोकत होता. खोकून झालं की रुमाल उलगडून त्यात काय आलं ते बघतो, घडी घालतो आणि खिशात ठेवतो. मग त्याच बोटांनी त्याने एक कागद माझ्याकडे सरकवला. 'माफीनामा आहे. ठिपके बघून घ्या,' म्हणाला.

वाचला. 'युनिया या नोंदीतले बदल मी केले. नोंद लिहिणाऱ्या बाईंची आणि वाचकांची मी क्षमा मागतो.' एवढंच. आणि मी काय केलं असेल? 'बाईंची' या शब्दावरचा अनुस्वार राहिला होता, तो दिला. तुझ्या भावाचा हा पराक्रम. समोर धडधडीत खोटी कबुली पडली होती आणि मला त्यात टिंब दिसलं.

कागद परत देताना माझा हात थांबला. मी म्हणालो, 'हे बदल तुम्ही केले नव्हते.'

'माहीत आहे,' तो म्हणाला. 'ते प्रूफ माझ्याकडे आहे. लाल शाई तुमची आहे.'

मी विचारलं, की मग सहा वर्षं त्याने माझ्या बहिणीकडून लबाड, ढोंगी असं सगळं का ऐकून घेतलं? तो हसला. तोंडात थुंकी जमली होती, ती गिळली.

'मला तेच हवं होतं,' तो म्हणाला. 'बाई प्रेषित होती असं माझ्या अध्यक्षपदाखाली छापलं गेलं असतं तर मला दहा ठिकाणी उत्तरं द्यावी लागली असती. मी तोंड उघडायच्या आत ते काम झालेलं मिळालं. कोणी केलं हे विचारून मी कशाला हात घाण करून घेऊ?'

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. मी मात्र त्याला सहा वर्षं चोर समजत नव्हतो, समजल्याचं नाटक करत होतो. तो मला सांभाळत होता आणि मी त्याचा तिटकारा करत होतो. नंतर त्याने समजावलं. त्याचे आता किती दिवस राहिले? त्याने दोन ओळींची बदनामी सोसली तर पुस्तक निघेल, तुझं नाव येईल, माझी नोकरी राहील. 'प्रेमाने सांगतो, राहू द्या,' म्हणाला आणि माझ्या मनगटावर हात ठेवला. तो हात ओलसर होता. बाहेर येऊन मी नळावर कोपरापर्यंत धुतलं.

तर ताई, लाल शाई माझी. आता तुला कळलंच आहे तर कसं झालं तेही ऐक. 'प्रेषित' हा शब्द पाहिला की हात पुढे 'होता' लिहितो. तीस वर्षं हात हेच करतो आहे. जुळणी करणाऱ्याची वेलांटी चुकली असेल असं वाटलं, एक बदलली, मग पुढच्या 'ती'चं 'तो' केलं, 'तिला'चं 'त्याला' केलं. लिंग जुळवत गेलो. सवय. डोकं कुठेतरी दुसरीकडे होतं. नंतर तू इतकी चिडलीस की सांगायची हिंमत झाली नाही आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो. आपल्या भाषेत 'ध'चा 'मा' केल्याचं खापर एका बाईच्या डोक्यावर फुटलं आहे. इथे बाईचा बुवा मी केला, आणि खापर दुसऱ्याच्या टकलावर फुटू दिलं.

हे आधी सांगायला हवं होतं. चूक होती, पण चूकच होती.

तुझा ठिपक्या

११ जुलै

ताई,

कालचं पत्र पेटीत पडल्यावर आज हे लिहितो आहे. दोन्ही एकदम मिळाली तर हे आधी वाच. कालचं पत्र खोटं आहे.

पाकीट बंद करण्याआधी मी ते हिला वाचून दाखवलं होतं. माझ्या मनात होतं की ती म्हणेल, बरं झालं, सांगून मोकळे झालात. ती कणीक मळत राहिली. आज सकाळी मी पेटीकडे जाऊन आल्यावर, मागे न वळता तिने विचारलं, 'आणि बाईचं माणूस झालं, तेही सवयीनेच का?'

तुझं पहिलं पत्र समितीत वाचलं त्यातलं एक वाक्य मी तुला सांगताना गाळलं होतं. तुझंच वाक्य तुझ्यापासून लपवायला निघालो होतो, ताकाला जाऊन भांडं लपवावं तसा. तू लिहिलं होतंस: 'शेवटच्या ओळीत "या बाईचं" होतं, तिथे "या माणसाचं" छापलं आहे. ही हाताची चूक नाही, डोक्याची आहे. माझा भाऊ ठिपके पाहतो, माणसं बदलत नाही. म्हणून हे काम अध्यक्षांचं.' तू मला गुन्ह्यातून वगळलंस ते याच ओळीवर. आणि मला धरायलाही हीच ओळ पुरेशी होती.

ती ओळ मला तोंडपाठ आहे. चौथ्या शतकातल्या, लोक ज्याला सोनमुख्या म्हणायचे त्या उपदेशकाचं मत तू सांगितलं होतंस, की प्रेषित या नावाला पात्र ठरावं एवढं या बाईचं शहाणपण केवढं मोठं असेल! मी 'बाईचं' या शब्दावर आडवी रेघ मारली. समासात 'माणसाचं' लिहिलं. सुवाच्य अक्षरात. दहा ठिकाणी वेलांट्या आणि मात्रा होत्या, तिथे हाताला दोष देता येतो. अकराव्या ठिकाणी वेलांटी नव्हती, अख्खा शब्द होता. आणि खरं सांगायचं तर तिसऱ्या 'ती'पाशीच मला कळलं होतं की तुला काय म्हणायचं आहे.

मग का केलं? तुझ्या हस्तलिखितात त्या नोंदीच्या शेजारी पेन्सिलीने लिहिलं होतं, 'ठिपक्या, इथे डोकं चालवू नकोस. आहे तसं जाऊ दे.'

तू ते घाईत लिहिलं असशील. मला मात्र ते बाबांच्या आवाजात ऐकू आलं. बाबांचा उजवा हात लुळा पडला त्या आठवड्यात त्यांनी कार्डांचं कपाट तुझ्या स्वाधीन केलं. मी समोर उभा होतो. माझ्याकडे बघून म्हणाले, 'तू ठिपके बघत जा.' तुला त्यांनी जेवणाच्या टेबलावर ग्रीक शिकवलं. मी पाटी घेऊन बसलो तेव्हा, 'तुला जमायचं नाही, झोप जा.' कोश आता तुझाच आहे असं सगळे म्हणायचे, तू नाही म्हणायचीस, आणि ते नाही म्हणणंसुद्धा मला झोंबायचं. मला ग्रीक येत नाही, पण ग्रीकमध्येही त्या नावावरचं एक चिन्ह हलवलं की बाईचा पुरुष होतो, हे तूच एकदा हसत सांगितलं होतंस. जुन्या नकलकारांनी जे केलं ते मला करता येत होतं. त्याला ग्रीक लागत नव्हतं, लाल पेन पुरत होतं. आयुष्यात पहिल्यांदा डोकं चालवलं, आणि ते असं चालवलं.

शिवाय तुळतुळीतला हे आवडेल, हेही मला माहीत होतं. बारा प्रेषित, बाराही पुरुष, हा त्याचा उपदेश मी तीनदा छापला आहे. तो मला एका शब्दाने काही बोलला नाही. पुढच्या महिन्यात फक्त माझं टेबल जिन्याखालून काढून खिडकीजवळ ठेवलं. यहूदाला निदान चांदीची नाणी मिळाली. मला उजेड मिळाला, आणि मी त्या उजेडात सहा वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधल्या.

हिला मी मघाशी उत्तर दिलं, 'नाही, सवयीने नाही.' ती म्हणाली, 'मला वाटलंच होतं.' कधीपासून वाटत होतं हे मी विचारलं नाही. ती सहा वर्षं याच माणसाला जेवायला वाढते आहे, आणि मला आता ते ताटसुद्धा नकोसं झालं आहे. तुळतुळीतचा रुमाल परवडला. त्याची घाण निदान खिशात राहते.

ठिपक्या

६ ऑगस्ट

ताई,

तुझं उत्तर नाही. येऊ नये हेच बरोबर. हे पत्र उत्तरासाठी नाही.

बारा जुलैला मी तुळतुळीतकडे गेलो आणि म्हणालो, की माफीनामा मागे घ्या, मी बहिणीला सगळं लिहिलं आहे. मला वाटलं होतं तो बिचकेल, निदान रागावेल. त्याने खणातून तो कागद काढला, चार तुकडे केले आणि टोपलीत टाकले. इतकं हायसं वाटलेलं मी कुठल्या माणसाच्या तोंडावर पाहिलं नाही. मी म्हणालो, 'तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही गप्प बसलात, एवढं तरी लिहा.' तो म्हणाला, की आता त्याची गरज उरली नाही. दोन मिनिटांपूर्वीपर्यंत हा माणूस माझ्यासाठी फासावर जायला निघाला होता.

तुझ्या सहीची वाट पाहून दुसऱ्या आवृत्तीचं काय ते ठरेल. पण पहिली आवृत्ती शाळाशाळांतून पडून आहे आणि पोरं ती पाठ करत आहेत. म्हणून मी एक शुद्धिपत्र काढायचं ठरवलं. वीतभर लांबीची चिठ्ठी, प्रत्येक शाळेला पाठवायची आणि त्या पानाला एका कडेने चिकटवायला सांगायची. हे तुळतुळीतला आवडलं. शुद्धिपत्र आलं की प्रकरण मिटलं. मजकूर मात्र मला आणून दाखवा, म्हणाला.

दाखवला. अंगठा जिभेला लावला, कागद एकच होता तरी लावला, आणि एका शब्दावर बोट ठेवलं. म्हणाला, 'इथे "नजरचुकीने" घाला. शुद्धिपत्रात तेच लिहितात.' खरं आहे. या छापखान्यातून शंभर वर्षांत जेवढी शुद्धिपत्रं निघाली त्या सगळ्यांत चुका नजरेनेच केल्या आहेत. मी म्हटलं, नजर चांगली होती. तो म्हणाला की मी लिहिलेला शब्द छापला तर लोक विचारतील, छापखान्यात आणखी काय काय असं केलं? कोशातल्या एकाही ओळीवर कोणी विश्वास ठेवणार नाही, बाबांच्याही नाही. ताई, हे त्याचं म्हणणं खोटं नाही. त्या माणसाच्या तोंडून आलं म्हणून मला शिसारी आली, पण खोटं नाही. हा विचार मी तीन आठवडे केला. एका शब्दासाठी बाबांच्या 'अ' ते 'न'वर शिंतोडे उडवायचे का? हिला विचारलं. ती म्हणाली, 'तुम्ही बाबांच्या नावाआड किती वेळा लपणार?'

काल सकाळी मी मजकूर आहे तसा मशीनवर नेला. मशीनवाल्याने विचारलं, सही कुणाची? मी म्हणालो, माझी. त्याला पुरली. दुपारपर्यंत चिठ्ठ्या निघाल्या, चारच्या टपालाने गेल्यासुद्धा. पाच वाजता तुळतुळीतने बोलावून घेतलं. या महिन्याअखेर मी मोकळा. हेही प्रेमानेच सांगितलं. खिडकीजवळच्या टेबलावर उद्यापासून दुसरा कोणी बसेल. मी माझा चष्मा आणि पेनं पिशवीत भरली. लाल पेन तिथेच ठेवलं.

तू सही दे किंवा देऊ नकोस. नाव घाल किंवा घालू नकोस. मला माफ कर असं मी म्हणणार नाही. ते मागण्याचा मजकूर चार वेळा लिहून पाहिला, चारही वेळा वाचताना मला त्यात तुळतुळीत ऐकू आला. तुझी ती चौदा वर्षं कुठली चिठ्ठी चिकटवून परत येत नाहीत, आणि मला स्वतःची जी किळस येते ती तुझ्या माफीने जाण्यातली नाही.

सोबत एक प्रत जोडली आहे. त्यात असं छापलं आहे:

'शुद्धिपत्र. "युनिया" या नोंदीत मूळ लेखिकेने ही प्रेषित स्त्री होती असं लिहिलं आहे. छापताना अकरा ठिकाणी तिचा पुरुष केला गेला. हे बदल मुद्रितशोधकाने, नोंद लिहिणाऱ्या आपल्या बहिणीचा मत्सर वाटल्यामुळे, जाणूनबुजून केले. मूळ मजकूर मागे दिला आहे.'

खाली माझं पूर्ण नाव आहे, मध्ये बाबांचं. मागच्या बाजूला तुझी नोंद आहे. तुझ्या हस्तलिखितावरून अक्षर न् अक्षर लावून घेतली, कुठे काही सुचलं तरी हात लावला नाही.

चिठ्ठी छापायला जाण्याआधी मी 'जाणूनबुजून' हा शब्द तीनदा तपासला. बरोबर आहे.

ठिपक्या